परभणीतले दीडशे जण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे माणसाची एक बाजू लुळी पडली की 'वारं गेलं' म्हणतात. डोळ्यांपुढे धुरकट झालं तर अशक्तपणा, पायाला मुंग्या आल्या तर वात. आणि हे सगळं महिन्याभरात आपोआप ओसरून वर्षाने भलतीकडेच काही उमटलं, तर 'बाहेरचं'. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात यातलं बरंचसं एकाच माणसाला वेगवेगळ्या वेळी होऊ शकतं. म्हणून आपल्या जिल्ह्यात रुग्ण होते, पण आजाराचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. मी शाळेत इतिहास शिकवला आणि वीस वर्षांहून अधिक काळ या आजारासोबत राहते आहे. हे नाव आपल्यापर्यंत कसं पोचलं, तेवढं आज सांगते.

विजेच्या तारेवर जसं वेष्टण असतं, तसं मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून त्या आवरणावरच हल्ला करते. ज्या जागी आवरण खरवडलं जातं, तिथून जाणारा निरोप अडखळतो. जागा डोळ्याच्या तंतूची असेल तर नजर जाते, कण्यातली असेल तर पाय जड होतात. आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो आणि स्पर्शाने पसरत नाही.

याच्या सर्वांत जुन्या सविस्तर नोंदींपैकी एक कुणा डॉक्टरची नाही, रुग्णाची आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्टे याची नजर १८२२ साली अचानक अधू झाली आणि पुन्हा सुधारली. पुढे पंचवीसेक वर्षं त्याने आपल्या शरीराची रोजनिशी ठेवली. पाय कधी लटपटले, कोणती स्नानं घेतली, कशाने काय झालं, सगळं त्यात आहे. १८४८ मध्ये तो वारला, तोवर आजाराला नाव नव्हतं. ते १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तां शार्को यांनी दिलं. रुग्णाची जिवंतपणीची लक्षणं आणि मृत्यूनंतर मेंदूत दिसणारे घट्ट चट्टे यांची सांगड त्यांनी घातली.

भारतात मात्र हा थंड देशातल्या गोऱ्यांचा आजार, अशीच समजूत बराच काळ होती. ती ढळायला मुंबई कारणीभूत ठरली. मुंबईतले पारशी मूळचे इराणचे, लग्नं बहुतेक आपसातच करणारे आणि मोजायला सोपे. डॉ. नदीर भरुचा आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये, तर डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० मध्ये या समाजातले रुग्ण मोजून निष्कर्ष मांडले. लाखामागे वीसहून अधिक रुग्ण निघाले. तोवर आपल्या देशाचा अंदाज लाखामागे एखाद-दुसरा असा होता. दरम्यान १९८५ मध्ये मुंबईत 'मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन झाली होती. त्याच दशकाच्या उत्तरार्धात एमआरआय यंत्र देशात आलं आणि मेंदूतले चट्टे जिवंत माणसात दिसू लागले.

हे मुंबईचं झालं. मराठवाड्याचं गणित निराळं होतं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चं, नांदेडचं १९८८ चं. परभणीला ते मिळालं २०२३ मध्ये. मेंदूविकारतज्ज्ञ आणि एमआरआय यांच्यासाठी आपली माणसं रेल्वेने संभाजीनगरला किंवा हैदराबादला जात आली. ज्यांना तिकीट आणि सोबत मिळाली, त्यांना आजाराचं नाव मिळालं. बाकीचे घरात खाटेवर राहिले.

माझा डावा डोळा १९९८ मध्ये दुखून अंधुक झाला आणि दीड महिन्यात सुधारला. शक्तीची इंजेक्शनं घेतली, त्यांनीच गुण आला असं घरच्यांना वाटलं. २००४ मध्ये वर्गात फळ्यावर लिहिताना हात चालेना, तेव्हा संभाजीनगर गाठलं. एमआरआयचा फोटो दाखवून डॉक्टर म्हणाले, "बाई, तो डोळा आणि हा हात एकाच आजाराचे आहेत." सासूबाईंनी मात्र लगेच विचारलं, "पोरांना लागंल का हो हे?" नाही म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाणी घेतलं.

मग क्लिनिकच्या खेपा सुरू झाल्या. झटका आला की तीन ते पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड. एरवी झटके कमी व्हावेत म्हणून इंटरफेरॉनची इंजेक्शनं. हे औषध अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झालं होतं. ते फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचं, आणि त्या वर्षांत आपल्याकडे भारनियमन बारा-बारा तास. थर्मासमध्ये बर्फ भरून मी कुपी सांभाळली आहे.

दुसरा शत्रू ऊन. अंग तापलं की नजर अंधुक होते. अंगमेहनतीनंतर असं होतं, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं. परभणीचा मे महिना म्हणजे पारा बेचाळीसच्या पुढे. मी कामं सकाळी नऊच्या आत उरकते, मानेवर ओला पंचा ठेवते. अंग निवलं की नजर परत येते. तो नवा झटका नसतो. नवं लक्षण ताप नसताना चोवीस तासांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना फोन करते.

२००४ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडली. डोळा आणि कणा यांनाच गाठणारा, एमएससारखाच भासणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा आजार रक्त तपासून वेगळा ओळखता येऊ लागला. आपल्या देशात कित्येकांना एमएस म्हटलं गेलं, त्यांतल्या काहींना खरं तर हा होता. एमएसची काही औषधं त्यात अपाय करतात. म्हणून नाव अचूक हवं.

नावाची गरज सरकारदरबारीही असते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, एमएस नव्हता. तपासणीच्या दिवशी चालत गेलेला एमएसचा रुग्ण त्यात बसतच नसे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले आणि एमएसचा नावाने उल्लेख झाला. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएसची औषधं पहिल्यांदाच आली. त्यांतलं रितुक्सिमॅब हे औषध तुलनेने स्वस्त पडतं, म्हणून भारतात बरंच वापरलं जातं.

आता एक हिशेब. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मंगळूर शहरात लाखामागे आठहून अधिक रुग्ण आढळले. परभणी जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. तेच प्रमाण धरलं तर आपल्याकडे दीडशे रुग्ण हवेत. मंगळूर म्हणजे परभणी नव्हे, हे मान्य. निम्मे धरा, तरी पंचाहत्तर होतात. इतक्या वर्षांत क्लिनिकच्या बाकावर मला आपल्या जिल्ह्यातले सहा जण भेटले.

बाकीचे गंगाखेड, पालम, जिंतूर, पाथरीकडच्या कुठल्या तरी घरात असतील. एखादी पंचविशीची सून, जिचा डोळा मागच्या वर्षी गेला आणि परत आला, आणि आता जिला उंबरा ओलांडताना पाय उचलत नाही. तिला कामचुकार म्हणू नका, देवऋष्याकडे नेऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा आणि मागच्या वर्षीचा डोळाही त्यांना आठवणीने सांगा. आवरण एकदा फार झिजलं की औषधाला ते भरून काढता येत नाही. लवकर सुरू केलं, तर पुढचं पुष्कळ वाचवता येतं.