उभ्या गाडीचा वारा

वैरागला एप्रिल-मे महिन्यात कुणी तापलेली गाडी गॅरेजवर आणली, की जाणता मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी एक प्रश्न विचारतो, "पळताना तापती का उभ्यानं तापती?" उत्तर मिळालं की त्याचं निम्मं काम झालेलं असतं. रस्त्यावर काटा जागचा हलत नाही आणि बाजाराच्या गर्दीत गाडी थांबली की चढू लागतो, तर संशय पंख्यावर. उलट गावात बरी चालते आणि सोलापूरच्या वाटेला ७०-८०चा वेग घेतला की तापते, तर पंख्याला आधी हात लावायचा नाही. जाळी, पंप, थर्मोस्टॅट पाहायचा. गाडीला दोन वारे लागतात. एक धावण्यातून आयता मिळतो, दुसरा मुद्दाम घालावा लागतो. या दुसऱ्या वाऱ्याची ही कुळकथा.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो. साधारण तेवढाच सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत उतरतो. तो बाहेर काढला नाही तर तेल पातळ होतं, पिस्टन फुगून सिलिंडरला घासतो आणि इंजिन जाम होतं. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकीचं पेटंट नोंदवलं, तिच्यात यावरचा उपाय सरळ होता. सिलिंडरभोवती पाणी ठेवायचं आणि उकळून जाऊ द्यायचं. वाफ उष्णता घेऊन जाई, गाडीवाला पुन्हा पाणी भरी. ऑगस्ट १८८८मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फॉर्ट्सहाइमला निघाल्या. शंभरेक किलोमीटरची वाट. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतलं, ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती पाण्याची खटपट. विहीर, ओढा, खानावळ, जिथं पाणी मिळेल तिथं थांबून त्या ते भरत गेल्या.

पाणी वापरायचं आणि सोडून द्यायचं, ही रीत आपल्या शेतकऱ्याला परकी नाही. वीज पोचण्याआधी, आणि पोचल्यावरही तिच्या वेळा जमत नसत म्हणून, विहिरीवर डिझेल इंजिन असे. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली. साताऱ्याकडं कूपरची इंजिनं होत. त्यातल्या कित्येकांना रेडिएटर नव्हताच. पंपानं उपसलेल्या पाण्यातली एक बारीक धार इंजिनातून फिरवायची आणि पाटात सोडायची. त्या धारेखाली हात धरला की इंजिनाची तब्येत कळे. पाणी कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर नळी कुठंतरी तुंबलेली. विहीर शेजारी असताना एवढं पुरतं. गाडीला विहीर बरोबर नेता येत नाही. तिला तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरावं लागतं, म्हणजे दर फेरीत ते निववावं लागतं.

हा पेच सुटला विल्हेल्म मायबाख यांच्या हातून. जन्म १८४६चा. दहाव्या वर्षी आईबाप गेले, रॉइटलिंगेनच्या अनाथाश्रमात ते वाढले आणि तिथल्याच कारखान्यात त्यांची गॉटलीब डाइमलर यांच्याशी गाठ पडली. १८८९च्या गाडीत या दोघांनी सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतून पाणी फिरवून पाहिलं. १८९७मध्ये मायबाख यांनी नळ्यांचा रेडिएटर केला आणि १९०० साली, पहिल्या मर्सिडीजसाठी, मधाच्या पोळ्याच्या घडणीचा. ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींशेजारी रचून डाख दिलेल्या. नळ्यांतून हवा जाई आणि नळ्यांमधल्या फटींतून पाणी. पाणी जितक्या पातळ थरात पसरेल तितकं लवकर निवतं, म्हणून पूर्वी जिथं १८ लिटर लागे तिथं आता ९ लिटर भागलं. आणि या जाळीमागं एक छोटा पंखा बसवला होता, गाडी हळू चालत असताना हवा ओढायला. त्या एका गाडीत आजच्या इंजिनाचा सगळा थंडावा मांडलेला आहे. पुढच्या सव्वाशे वर्षांत भर पडली ती या पंख्याला आणि पाण्याला शहाणं करण्याची.

पंखा फिरवायचा कुणी? सर्वांत जवळ इंजिनच होतं. पट्टा टाकला, पंखा फिरू लागला. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पंख्याला पट्टा होता, पण पाण्याचा पंप पहिल्या काही गाड्यांनंतर काढूनच टाकला. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढे, जाळीत निवून खाली उतरे आणि फिरत राही. पट्ट्याच्या पंख्यात मात्र एक उपजत खोट होती. इंजिन जोरात तर तो जोरात, इंजिन मंद तर तोही मंद. मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा फुकट मिळत असताना हा ताकद खाऊन घोंघावणार, आणि गर्दीत गाडी थांबली, वाऱ्याची खरी गरज लागली, की नेमका मंदावणार. मोठ्या डिझेल गाड्यांत या खोटीवर एक तोड निघाली. पंखा आणि पुली यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाची डबी. जाळीतून येणारी हवा गरम झाली की आतली झडप उघडते, तेल पसरतं आणि पंख्याला पकड मिळते. डबीतलं तेल गळून गेलं की पंखा नुसता वाऱ्यावर फिरल्यासारखा फिरतो. दिसायला चालू, कामाला शून्य.

आपल्या भागात हा पट्ट्याचा पंखा आला त्यामागं सोलापूरचाच एक माणूस आहे. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ १८९७मध्ये बार्शीला पोचला आणि पुढं येडशी, तडवळ्यावरून लातूरकडं गेला. वैराग त्या रुळापासून बाजूला पडलं. इथला माल आणि माणसं रस्त्यानंच जात राहिली, म्हणून इथं मोटारीचं महत्त्व जास्त. त्या रेल्वेच्या बांधकामात लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत कंत्राट घेऊन ज्यांनी धंद्यात पाय रोवले, ते वालचंद हिराचंद, जन्म १८८२, सोलापूर. १९४४मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज, मग फियाट बाहेर पडू लागल्या; तीच फियाट पुढं पद्मिनी झाली. १९५४पासून टाटांचे मर्सिडीज-बेंझचे ट्रक आले, म्हणजे मायबाख जिथं राबले त्या कंपनीच्याच वंशातले. सगळ्यांना पट्ट्याचा पंखा. घाट चढून आल्यावर बॉनेट उघडून सावलीला थांबणं, सीटमागं पाण्याचा कॅन, डिकीत जादा पट्टा, ही त्या गाड्यांबरोबर आलेली शिस्त होती. आता ती सुटत चालली आहे, आणि वैरागच्या उन्हात ती सुटू नये असं मला मनापासून वाटतं.

त्याचं कारण हिशेबात आहे. जाळीतून किती उष्णता बाहेर पडेल ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि बाहेर जर्मनीतली २० अंशांची हवा असेल तर फरक ७५चा. वैरागच्या ४२ अंशांच्या दुपारी तोच फरक ५३ उरतो. तीच जाळी, तोच वारा, आणि उष्णता साधारण ३० टक्के कमी जाते. थंडीत निभावलेली अर्धवट तुंबलेली जाळी मे महिन्यात म्हणूनच उघडी पडते. त्यात मळणीच्या दिवसांत शेतरस्त्यानं फिरलेल्या गाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या जाळीत तुरीचा, ज्वारीचा भुसा अडकतो. ती धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारावं, म्हणजे कचरा आला त्या वाटेनं निघतो. समोरून जोराची धार मारली तर तो आत रुततो आणि पातळ पत्रे वाकतात.

पाण्याचीही शहाणीव वाढत गेली. झाकणाला स्प्रिंग आली, पाणी दाबाखाली राहू लागलं, आणि दाबाखालचं पाणी १०० अंशांना उकळत नाही. इथिलीन ग्लायकॉल निम्मं मिसळलं आणि वर सुमारे एक वातावरणाइतका जादा दाब असला, तर ते १२० अंशांच्याही पुढं टिकतं. म्हणून गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये. उघडताच दाब जातो, पाणी त्याच क्षणी उकळून उसळतं आणि तोंड-हात भाजतात. झाकणाचं रबर कडक झालं असेल तरी हाच दाब टिकत नाही; फार स्वस्त भाग आहे, आणि फार लोक तो तपासायचा विसरतात. ग्लायकॉल थंडीसाठी असतं, आपल्याकडं काय करायचं, असं म्हणून साधं बोअरचं पाणी भरणारे पुष्कळ. आपलं बोअरचं पाणी जड. त्यातला क्षार नळ्यांच्या आतून थर धरतो, आणि कुलंटमधली गंज रोखणारी द्रव्यंही गाडीला मिळत नाहीत. मैलोगणती दुसरं काही मिळत नसेल तर बोअरचं भरावं, पण नंतर ते काढून डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट घालावं.

थर्मोस्टॅटवर तर मोठा अन्याय होतो. सर्जियस व्हर्नेट यांनी अमेरिकेत १९३०च्या दशकात मेणाचा थर्मोस्टॅट केला. पितळी डबीत मेण, मेण वितळलं की फुगतं, फुगलं की दांडी ढकलतं, झडप उघडते. बहुतेक गाड्यांत हे ८२ ते ८८ अंशांच्या आसपास घडतं. ना वीज, ना स्प्रिंगचा नाजूक हिशेब. आपल्याकडं गाडी तापली की पुष्कळदा तोच काढून फेकतात, "गरम मुलखात काय काम त्याचं?" काम आहे. इंजिन लवकर गरम व्हावं, तेल नीट पसरावं, इंधन पूर्ण जळावं, हे त्याच्या हाती असतं. शिवाय काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो. तो काढला तर गरम पाणी जाळीला वळसा घालून इंजिनातच फिरत राहतं आणि गाडी जास्त तापते. शंका असेल तर तो भांड्यातल्या पाण्यात टाकून तापवावा. उकळी फुटण्याआधी उघडला नाही तर नवा आणावा.

पंख्याची पट्ट्यातून सुटका केली ती आडव्या इंजिनांनी. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसतं, त्याची पुली चाकाकडं तोंड करते आणि जाळी राहते समोर. पट्टा पोचणार कसा? मग जाळीमागं विजेची मोटर आली, आणि तिच्यावर तापमानाचा स्विच. भारतात हा पंखा घरोघर नेला मारुती ८००नं, १४ डिसेंबर १९८३पासून. ज्यांनी अँबॅसिडर चालवली होती त्यांना गाडी बंद करून उतरल्यावरही बॉनेटखाली पंखा सुरू राहिलेला ऐकून धसका बसे. उभ्या गाडीला इंजिनापासून वेगळा असा स्वतःचा वारा मिळाला होता. बदल्यात तारा, फ्यूज, रिले आणि स्विच एवढी नवी बिघाडाची ठिकाणंही मिळाली.

म्हणून उभ्यानं तापणाऱ्या गाडीत मिस्त्री याच वाटेनं उलटा जातो. पण आधी पाणी, गाडी पूर्ण निवल्यावर. पाणी कमी असेल तर सेन्सर पाण्याबाहेर, वाफेत लोंबकळतो. त्याला खरं तापमान कळत नाही, पंखा लागत नाही आणि काटाही खाली बसलेला दिसतो. चढलेला काटा एकदम पडला तर सुटकेचा श्वास टाकू नये, त्याच क्षणी इंजिन बंद करावं. पाणी पुरेसं असेल तर एसी लावून पाहावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरलाच पाहिजे. फिरला, तर मोटर आणि बहुतेक वायरिंग ठीक, दोष सेन्सरकडं. नाही फिरला, तर फ्यूज, मग शेजारचा तसाच रिले बदलून, मग मोटरला बॅटरीची थेट तार देऊन. थेट तारेवरही मोटर गप्प असेल तर तिचे कार्बन ब्रश झिजले असतात. काठीनं हलकं टोचल्यावर फिरू लागली तर तेच. जुन्या मारुतीत स्विचच्या दोन तारा काढून एकमेकींना जोडल्या की निकाल लागतो. नव्या कित्येक गाड्यांत सेन्सरचा प्लग काढला की संगणक धोका ओळखून पंखा पूर्ण वेगानं सोडतो. दोन वेगांच्या पंख्यात हळू वेगाचा रेझिस्टर जळतो, आणि पंखा फक्त उशिरा, जोरात लागतो. आणखी एक फसवी खोट: मोटर बदलताना तारा उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो, हवा पुढं फेकतो आणि धावण्याच्या वाऱ्याशीच झुंजतो. जाळीवर कागद धरावा. तो चिकटला पाहिजे.

पंखा ठीक, पाणी ठीक, तरी तापते आणि पाण्याच्या टाकीत सतत बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता मोठी, आणि मग एक किलोमीटरही पुढं नेऊ नये.

रस्त्यातच काटा चढला तर एसी बंद, हीटर असेल तर पूर्ण, आणि थांबायला सावली. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. पंख्याचाच स्विच गेला असेल तर वैरागचा ऑटो इलेक्ट्रिशियन पंखा डायरेक्ट करून डॅशबोर्डखाली एक बटण काढून देतो. त्यात फ्यूज आणि रिले घातला आहे ना, एवढं विचारून घ्यावं. नुसती तार बटणातून नेली तर ती तापून वितळते. सोलापूर गाठायला ही तोड चालते. गाठल्यावर सेन्सर बदलून घ्यावा आणि पंखा परत त्याच्या ताब्यात द्यावा, कारण बटण दाबायचं माणसाच्या लक्षात राहत नाही.