रुसलेली करवत

लाकूडतोड्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. त्याची कुऱ्हाड नदीत पडते, जलदेवता सोन्याची वर काढते, चांदीची काढते, आणि तो बापडा आपली लोखंडाचीच मागतो. त्या लोखंडी कुऱ्हाडीचा एक गुण मात्र गोष्टीत कुणी सांगत नाही. ती कधी 'चालू' करावी लागत नसे! बोथट झाली तर धार लावावी, दांडा ढिला झाला तर पाचर ठोकावी. तिचे सारे आजार एवढ्यात आटोपत. झाडे तोडण्याच्या कामी इंजिन आले आणि त्याच्याबरोबर रुसणेही आले. दोरी ओढून ओढून खांदा दुखावा आणि यंत्राने हूं की चूं करू नये, हा अनुभव जगभरच्या लाकूडतोड्यांच्या वाट्याला आला. त्या रुसव्याचा हा छोटासा इतिहास.

गंमत अशी, की साखळीच्या करवतीचा जन्म जंगलात झालाच नाही. तो झाला शस्त्रवैद्यांच्या हातून. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटलंडमधील वैद्यांनी हाड कापण्यासाठी दाते असलेली, हाताने ओढायची साखळी वापरली. 1830 च्या सुमारास जर्मनीतील बर्नहार्ट हाइने यांनी तिला फिरवायचा दांडा जोडला. लाकडाकडे ती वळली ती विसाव्या शतकात. 1926 साली आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी करवत केली. पण रानात वीज कुठली? 1927 साली एमिल लेर्प यांनी थुरिंगियातील डोलमार डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून पाहिली. तिचे वजन होते 58 किलो! 1929 साली श्टील यांची पेट्रोल-करवत आली, ती 46 किलोंची. दोन धट्टेकट्टे गडी दोन टोकांना असल्याखेरीज ही धुडे हलत नसत.

पण वजनापेक्षाही मोठी अडचण होती ती कार्ब्युरेटरची. आपल्या माळ्यावरच्या पाण्याच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो. पाणी चढले की तो वर येतो आणि तोटी बंद करतो. त्या काळच्या कार्ब्युरेटरमध्ये हीच युक्ती पेट्रोलसाठी होती. आता टाकीच आडवी केली तर गोळ्याने काय करावे? आणि उभे झाड तोडायचे तर करवत आडवी धरावीच लागते. म्हणून इंजिन सरळ ठेवून नुसते पाते वळवण्याची सोय करावी लागे.

आपल्याकडच्या जुन्या दुचाकी स्कूटरवाल्यांना यातले मर्म चटकन कळेल. 1972 साली आलेला 'चेतक' सकाळी हटून बसला, की घरातला कर्ता पुरुष त्याला तिरका करी, क्षणभर थांबे आणि मग किक मारी. तिरके केल्याने तरंगत्या गोळ्याचे गणित बिघडे, पेट्रोल अंमळ जास्त उतरे आणि स्कूटर सुरू होई. जे बिघडणे स्कूटरला उपकारक, तेच करवतीला मारक!

यावर उपाय निघाला तो पातळ पडद्याचा. इंजिनाच्या पोटातला दाब क्षणाक्षणाला कमीजास्त होत असतो. त्या श्वासोच्छ्वासावर हलणारा पडदा पेट्रोल ओढून घेऊ लागला, दुसरा पडदा ते बेताने सोडू लागला. मग करवत आडवी धरा, उलटी धरा, ती चालू राही. 1950 साली श्टील यांची एका माणसाने चालवायची करवत आली, 16 किलोंची. मात्र प्रत्येक उपाय आपल्याबरोबर नवे दुखणे आणतो. हा पडदा वर्षानुवर्षांनी कडक होतो, आणि करवत सुरू होऊन लगेच मरते.

म्हणून जाणता कारागीर आजही क्रमाने चालतो. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. प्रथम कळ चालूवर आहे ना, ते पाहावे. मग पेट्रोल ताजे आहे ना आणि त्यात तेल मिसळले आहे ना. तेलाविना असले इंजिन जळून जाते. प्लग काढावा. तो ओला असेल तर चोक लावून फार ओढाओढ झाली. तो पुसावा, कळ बंद करून चोक उघडावा, चारसहा वेळा दोरी ओढून आतले पेट्रोल बाहेर घालवावे. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. टाकीतली गाळणी पाहावी. करवत पाच मिनिटे चालून मरते आणि टाकीचे झाकण सैल केल्यावर पुन्हा चालते, तर हवेचे छिद्र बुजले आहे. चालते पण जोर नाही, तर हवेची गाळणी भुशाने किंवा धुराड्याची जाळी काजळीने भरली आहे.

कधीकधी दोष इंजिनाचा नसतोच. 1946 साली अमेरिकेत ऑरेगॉनच्या जंगलात जो कॉक्स या लाकूडतोड्याने एका बुंध्यात भुंग्याची अळी पाहिली. ती डावीउजवीकडे लाकूड कुरतडत सहज पुढे जात होती. तिच्या जबड्यावरून त्याने नवे दाते घडवले, आणि 1947 पासून तशा साखळ्या विकू लागला. आजच्या साखळ्या त्याच वंशातल्या. करवतीतून ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, तर धार गेली असे समजावे. इंजिनाला उगाच दोष देऊ नये.

हे सारे वाटते तेवढे क्षुल्लक नाही. झाड अर्धे कापलेले असताना करवत बंद पडली, तर ते कोणत्या अंगाला कधी कोसळेल याचा नेम नसतो. अशा वेळी दोरीशी झटापट करण्याऐवजी शहाणा माणूस आधी दूर होतो आणि इतरांनाही दूर करतो. यंत्राची निगा घरीच, सावकाश, उजेडात करावी, असे जाणती माणसे सांगतात ती यासाठीच. कुऱ्हाडीला हाताची ताकद पुरत असे; करवतीला तिच्या जोडीने मालकाचे लक्षही लागते.