सोळा आण्यांची काळी

आपल्या पूर्वजांनी गावाचे दोन भाग मानले होते. एक पांढरी आणि दुसरी काळी. जेथे माणसे राहतात, चुली पेटतात, भिंती पडतात आणि पुन्हा उठतात ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि पडक्या भिंतींची माती साठून ती जागा खरोखरच पांढुरकी दिसते. तिच्याभोवती पसरलेली पिकाऊ जमीन ती काळी. सोलापूरच्या पांढरीचा इतिहास आपण वारंवार ऐकतो. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर, त्यांचा तलाव, भुईकोट किल्ला, १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी हे सारे आपल्या परिचयाचे आहे. काळीचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. आज तोच सांगावा असे योजिले आहे.

काळीला इतिहास कसला, असा प्रश्न कोणी करील. जमीन जेथल्या तेथेच असते, माणसे तेवढी येतात आणि जातात, अशी आपली समजूत आहे. ह्या समजुतीतच आपले फार मोठे नुकसान झाले आहे. जमीन जेथल्या तेथे राहत नाही. ती घडते, साठते आणि वाहूनही जाते. सोलापूर जिल्ह्याचे सुखदुःख ज्या एका मापावर अवलंबून राहिले, ते माप म्हणजे मुरमावर माती किती हात आहे हे होय.

ही माती आली कोठून? सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी ह्या भागात भूमीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. तो शंकूसारख्या एखाद्या डोंगरातून उसळला नाही. लांबच लांब भेगांतून निघून पुराच्या पाण्यासारखा पसरला. एक थर थिजला की त्यावर दुसरा, अशी चळत रचली गेली. आजही सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर हा काळा पाषाण पसरलेला आहे. पश्चिमेला त्याची जाडी फार, पूर्वेकडे ती कमी होत जाते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे शास्त्रज्ञांनी भूमीत खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३४० मीटरांवर हा पाषाण संपून त्याखालचा अतिप्राचीन खडक लागला. आपली पांढरी आणि काळी दोन्ही ह्या अग्निशय्येवर वसलेली आहेत.

मात्र खडक एक असला तरी माती एक होत नाही. महाबळेश्वराचा खडक हाच. पण तेथे तांबडा जांभा आणि त्यावर घनदाट रान. सोलापूरचा खडकही हाच. पण येथे काळी आणि उघडे माळ. हा भेद पावसाने केला. सह्याद्रीच्या माथ्यावरील मुसळधार पाऊस खडकातील चुना, मॅग्नेशिया आणि सिलिका धुऊन नेतो. मागे लोह आणि अॅल्युमिनियम राहते, म्हणून माती तांबडी. आपल्याकडे वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. एवढ्याशा पावसाने ही द्रव्ये वाहून जात नाहीत. ती जागीच राहून एका विशिष्ट चिकणमातीचे रूप घेतात. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते.

जगात इतरत्रही अग्नीने माती घडविली आहे. पण तिची तऱ्हा निराळी. अमेरिकेच्या वायव्य भागातील पर्वतांवर हिमयुगातील हिमनद्यांनी गोटे, वाळू आणि गाळ आणून टाकला. पुढे सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा नावाचा ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख त्या हिमगाळावर बसली. ती हलकी, सच्छिद्र राख स्पंजासारखी पाणी धरते आणि तिच्यावर सूचिपर्णी वृक्षांची अरण्ये उभी आहेत. आपल्या राज्यातही बर्फाच्या आणि राखेच्या खुणा अगदीच नाहीत असे नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात ईरईजवळ हिमाने ओरखडलेला चुनखडक फेडन ह्या भूशास्त्रज्ञाने १८७० नंतरच्या दशकात नोंदविला. तो हिमकाल सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरी येथे नदीच्या गाळात ज्वालामुखीची राख सापडली आहे. ती दूर सुमात्रा बेटावरून वाऱ्याने आलेली, असे तज्ज्ञ मानतात. परंतु ह्या केवळ खुणा झाल्या. आपली भाकरी पिकविली ती थिजलेल्या लाव्ह्याच्या मातीने. शिवाय त्या पर्वतांवरील मातीला जसे रानाचे पांघरूण आहे तसे आपल्या काळीला नाही, हा भेद ध्यानात ठेवावा. पुढील सारी कथा त्यातून निघते.

इंग्रज अभ्यासकांना ह्या मातीने बराच काळ बुचकळ्यात टाकले होते. तेलुगूतील रेगड ह्या शब्दावरून ते तिला रेगर म्हणत. न्यूबोल्डसारख्यांना ती पाण्याखाली साचलेला गाळ वाटली. इतरांच्या मते ती काळा पाषाण झिजूनच झालेली होती. आज वाद उरलेला नाही. आपल्याकडील काळी मुख्यत्वे ह्या पाषाणाच्या झिजेचीच आहे. काही ठिकाणी ती जागच्या जागी झाली, तर भीमा-सीनेच्या खोऱ्यांत वरून वाहत येऊन खोल साठली.

आता ह्या मातीचा गुण पाहा. उन्हाळ्यात हिला हात हात खोल भेगा पडतात. वरची ढेपाळ माती त्या भेगांत पडते, पाऊस आला की फुगून वर येते, आणि अशा रीतीने काळी स्वतःच स्वतःची नांगरट करते. भाद्रपद-आश्विनात उत्तरा आणि हस्ताचा पाऊस ती पोटात साठविते. वाफसा आला की शेतकरी पाभर धरतो. पुढे चार महिने आकाशातून थेंब पडला नाही तरी शाळू त्या साठ्यावर उभा राहतो. पण साठा किती, हे खोलीवर ठरते. दोन हात माती असेल तर कणीस भरते. वीतभर असेल तर पीक पौषात वाळते. खोली हीच सोलापूरची खरी तिजोरी होय.

हे मर्म शेतकऱ्याला ठाऊक होतेच. सरकारला ते ठेच लागून कळले. पेशवाई गेल्यावर प्रिंगल ह्या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाचे गणित मांडून त्याच्या ५५ टक्के सारा ठरविला. १८३० साली हा सारा आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात लागू झाला. कागदावर हिशेब चोख होता, पण थोड्याच वर्षांत शेते ओस पडली आणि कुणबी गाव सोडून गेले. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी तेथे नव्याने पाहणी आरंभिली. तीच पद्धत पुढे सोलापूरकडील तालुक्यांत आणि साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली.

ह्या पद्धतीत जमिनीची प्रत आण्यांत मोजीत. शेतात जागोजागी माती खणून खोली पाहावयाची. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी म्हणजे सोळा आणे. खोली पावपाव हात कमी होईल तशी प्रत एकेक पायरी उतरे. अशा नऊ प्रती होत्या आणि शेवटची दोन आण्यांची. शिवाय चुनखडी, वाळू, उतार, पाण्याचा लोंढा असे दोष मांडले जात आणि प्रत्येक दोषागणिक प्रत आणखी खाली येई. आपण बोलताना ‘सोळा आणे खरे’ म्हणतो. त्या काळी जमीनही तशीच सोळा आणे ठरत असे.

ही पद्धत प्रिंगलच्या मानाने पुष्कळच शहाणपणाची होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्यात एक मोठी उणीव होती. सारा तीस वर्षांसाठी ठरे, आणि खोली एकदा मोजली की ती कायम आहे असे गृहीत धरले जाई. उताराचा दोष मांडला. पण त्या उतारावरून दर पावसाळ्यात किती माती जाते, हे कोणी मोजले नाही. साऱ्याचे आकडे वहीत स्थिर राहिले आणि माती ओढ्याने निघून गेली. गेलेल्या मातीची नोंद कोणत्याच दप्तरात झाली नाही.

१८७६-७७ चा दुष्काळ आला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला, आणि पुढे १८९६-९७ व १८९९-१९०० सालीही हाच प्रसंग आला. सरकारचे लक्ष पाण्याकडे गेले. हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ मध्ये आधीच पुरा झाला होता; आष्टीचा तलाव दुष्काळी कामातून झाला. ही कामे उपकारक ठरली, ह्यात शंका नाही. परंतु तलाव पाणी धरतो तसा गाळही धरतो, आणि हा गाळ म्हणजे वरच्या शिवारांतली माती. जी तिजोरी शेतात असावयाची ती तलावाच्या तळाशी जमू लागली.

मातीच्या ह्या गळतीचा शास्त्रशुद्ध हिशेब पुढे सोलापुरातच मांडला गेला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. १९३३ साली येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. शेताच्या तुकड्यांतून वाहून जाणारे पाणी आणि माती टाक्यांत धरून मोजावयाची, हे काम येथे झाले. उघडी पडीक जमीन सर्वांत अधिक माती गमावते आणि गवताचे पांघरूण असलेली जमीन फारच थोडी, हे आकड्यांनी सिद्ध झाले. कानिटकरादी कृषिशास्त्रज्ञांनी मांडलेली कोरडवाहू शेतीची पद्धत अशी होती: बांध घालावेत, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी, वारंवार कुळवणी करावी, बी कमी आणि अंतर जास्त ठेवावे. त्याच सुमारास मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून ‘३५-१’ हा शाळू निवडला गेला. तो आजही शेतकऱ्याच्या विश्वासाचा आहे.

१९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याने बांधबंदिस्तीला सरकारी बळ मिळाले आणि दख्खनभर समपातळीचे बांध पडले. हलक्या व मध्यम जमिनींत त्यांचा लाभ झाला. खोल काळीत मात्र बांधाआड पाणी तुंबले, माती भेगाळली आणि बांध फुटले. तेथे थोडा उतार देऊन पाणी सावकाश काढून देणारा बांध हवा, हे अनुभवाने कळले. एकच औषध साऱ्या रोग्यांना चालत नाही, तीच गोष्ट जमिनीची.

१९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि जिल्ह्याचे रूप पालटले. जेथे शाळू होता तेथे ऊस आला. परंतु जी काळी थोडे पाणी जपून ठेवते, तीच अति पाण्याने चोपण आणि खारवट होते. निरेच्या कालव्यावर हा धडा विसाव्या शतकाच्या आरंभीच मिळाला होता. दुसरीकडे, सर्वेक्षणाने दोन-चार आण्यांत काढलेल्या मुरमाड माळावर आज डाळिंबाच्या बागा डोलतात, आणि २००५ साली डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही सोलापुरातच आले. मातीची किंमत कायमची ठरत नाही, ती माणसाच्या वागणुकीने चढते आणि उतरते, हे ह्यावरून दिसून येईल.

श्रोतेहो, आपण शहरात राहणारे लोक. आपला काळीशी संबंध काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण १९७२-७३ च्या दुष्काळात खडी फोडावयास आलेली माणसे ह्याच काळीवरची होती, आणि शहरातल्या गिरण्यांत व मागांवर राबलेल्या पुष्कळांचे मूळ गाव कोणत्या तरी वीतभर मातीच्या शिवारात आहे. काळी खचली की पांढरीत गर्दी होते. दोघींचा इतिहास एकच आहे.

२०१७ पासून धरणांतला गाळ काढून शेतात टाकण्याची सरकारी योजना सुरू झाली. ट्रॉलीत भरून शेताकडे जाणारा तो गाळ म्हणजे आपल्याच पणजोबांच्या शेतातली, कधी काळी सोळा आणे ठरलेली माती होय. ती परत न्यावी हे योग्यच. परंतु जी निसर्गाला साठवावयास कित्येक शतके लागली, ती एका पावसाळ्यात घालवून पुन्हा ट्रॉलीने आणणे हा महागाचा व्यवहार आहे. स्वस्त व्यवहार एकच: बांधाला बांध राहू द्यावा, उतारावर गवत राखावे आणि मोजदाद ठेवावी. गावाच्या दप्तरात सातबारा असतो, पीक-पाहणी असते. मुरमावर आज किती हात माती उरली आहे, ह्याचाही एक रकाना त्यात असावा. पूर्वी सरकारने सारा घेण्यासाठी ही खोली मोजली. आता आपण ती राखण्यासाठी मोजावी.