मेंदूतली चार छिद्रे

एखादे भोक आहे की नाही, एवढे ठरायला शंभराच्या आसपास वर्षे लागावीत, हे प्रथम वाचले तेव्हा मला विचित्रच वाटले होते. पण मेंदूतल्या छिद्रांचे असेच घडले.

मेंदूच्या आत चार पोकळ्या आहेत. त्यांत स्वच्छ पाण्यासारखा द्रव दिवसाला सुमारे अर्धा लिटर तयार होतो. एका वेळी मेंदू व पाठकणा मिळून मावतो तो जेमतेम १५० मिलिलिटर. म्हणजे त्याला वाट हवीच. ती बुजली की आपण ज्याला 'डोक्यात पाणी होणे' म्हणतो ते होते, आणि तान्ह्या मुलाचे डोके मोठे होत जाते.

जुने विच्छेदक आधी शवाचे डोके कापत. त्यातच पाणी वाहून जाई आणि पोकळ्यांत सूक्ष्म 'चैतन्य' असते हा गेलनचा समज टिकून राही. नेपल्सच्या कोतुन्योने १७६४ साली डोके न कापता पाहिले, तेव्हा पाणी दिसले. पुढे १७८३ मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रोने दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांना मधल्या पोकळीशी जोडणारी वाट वर्णिली. (आजोबा, मुलगा, नातू, तिघेही अलेक्झांडर मन्रो आणि एकाच गादीवर प्राध्यापक! हा मधला.)

खरा वाद पेटला तो बाहेर पडणाऱ्या वाटेवरून. पॅरिसच्या माजेंदीने १८४२ मध्ये चौथ्या पोकळीच्या छतात मधोमध छिद्र असल्याचे मांडले. विरोधक म्हणाले, तेथला पडदा सायीसारखा पातळ. लहान मेंदू उचलताना तुम्हीच तो फाडलात! आक्षेप पोरकट नव्हता. शिवाय द्रव बाहेरून आत जातो, ही माजेंदीची समजूत उलटीच होती. १८५५ मध्ये जर्मनीच्या लुश्काने बाजूंची आणखी दोन छिद्रे दाखवली, तरी शंका उरलीच. अखेर १८७५ च्या सुमारास स्वीडनच्या की आणि रेट्झियस यांनी सुरी बाजूला ठेवून शवात निळे जिलेटिन हलक्या दाबाने सोडले. रंग तिन्ही छिद्रांतून गेला.

हीच रंगाची युक्ती बाल्टिमोरमध्ये डँडी आणि ब्लॅकफन यांनी १९१३-१४ मध्ये आजारी मुलांसाठी वापरली. पोकळीत रंग सोडायचा आणि कमरेतून पाणी काढून पाहायचे. रंग उतरला तर आतली वाट मोकळी. नाही उतरला तर अडथळा आतच. मग १९२३ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टरने मूत्रमार्ग तपासण्याची दुर्बीण एका तान्ह्या मुलीच्या मेंदूत घालून तिसऱ्या पोकळीच्या तळाला नवे छिद्र पाडले. ही शस्त्रक्रिया, अर्थात सुधारलेल्या दुर्बिणीने, आजही करतात.