भंगारातील शिसे आणि गळाची वजने : ब्रिटनमधील पुनर्वापराचा इतिहास

प्रस्तावना

धातूंच्या इतिहासात सोने, तांबे व लोखंड यांना जे मानाचे स्थान लाभले ते शिशाला लाभले नाही. तथापि खाणीतून एकदा बाहेर आलेले शिसे सहसा नाहीसे होत नाही. ते केवळ रूप बदलते. चर्चच्या छपराचा पत्रा, घरातील पाण्याची नळी, छापखान्यातील खिळा आणि मासे धरण्याच्या दोरीला बांधलेले वजन ही एकाच धातूची क्रमाने झालेली रूपे असू शकतात. कोकणात पागाच्या घेराला लावलेल्या शिशामुळे जाळे तळाशी बसते. ब्रिटनमध्ये गळ पाण्याखाली नेण्याचे काम शिशाची वजने करीत आली आहेत, आणि त्यांतील बरीच वजने हौशी मासेमारांनी भंगारातील शिशापासून घरीच ओतलेली आहेत. या घरगुती उद्योगाचा इतिहास आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

शिशाची जुनी परंपरा

शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. त्यामुळे साधी चूल व लोखंडी भांडे एवढ्या साधनांवर त्याचे ओतकाम होऊ शकते. ते पाण्याच्या अकरा पटींहून अधिक जड आहे आणि गंजून झडत नाही. रोमन लोकांनी ब्रिटनमध्ये आल्यावर अल्पकाळातच मेंडिप टेकड्यांतील शिसे काढावयास आरंभ केला. इ. स. ४९ मधील नोंद कोरलेली शिशाची लगड तेथे सापडली आहे. मराठीत रूढ झालेला ‘प्लंबर’ हा शब्दही शिशाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन नावावरूनच आला आहे.

जुने शिसे उतरवून पुन्हा वापरण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आठव्या हेन्रीच्या काळातील आहे. १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त करण्यात आले, त्यांच्या छपरांवरील शिसे उतरवून वितळविण्यात आले आणि त्याच्या लगडी राजसत्तेच्या मालकीच्या झाल्या. यॉर्कशायरमधील रीव्हो मठाच्या ढिगाऱ्याखाली राजमुद्रा उमटविलेल्या अशा चार लगडी राहून गेल्या होत्या. १९२० च्या दशकात त्या सापडल्या आणि यॉर्क मिन्स्टरमधील ‘पाच भगिनी’ या प्रसिद्ध खिडकीच्या काचा पुन्हा बसविण्यासाठी ते शिसे उपयोगात आले. जवळजवळ चार शतके मातीत पडलेला धातू आपल्या कामास पुन्हा सज्ज होता.

मासेमारीशी शिशाचा संबंधही असाच जुना आहे. गळाच्या मासेमारीवरील जो इंग्रजी प्रबंध १४९६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापला गेला, त्यात दोरीला शिसे लावण्याविषयी सूचना आहेत. पुढे ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स याने उंचावरून वितळलेले शिसे खाली सोडून गोल छर्रे बनविण्याच्या पद्धतीचे पेटंट १७८२ मध्ये घेतले. छर्रे स्वस्त झाले. छर्ऱ्याला चीर पाडून तो दोरीवर चिमटला की लहानसे वजन तयार होई.

भंगाराचे स्रोत व ओतकाम

नदीवरील मासेमारीस छर्रा पुरत असला, तरी समुद्रकिनाऱ्यावरून गळ दूर फेकण्यास सुमारे दीडशे ग्रॅमपर्यंतची वजने लागतात. ती विकत घेण्याऐवजी घरी ओतणे विसाव्या शतकात सर्रास रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांतील शिशाच्या नळ्यांची जागा तांब्याने घेतली. छपरांच्या दुरुस्तीत पत्र्याचे तुकडे उरत. गाड्यांच्या चाकांचा तोल साधणारी जुनी वजने टायर दुरुस्तीच्या दुकानांत साठत. १९८० च्या दशकात वृत्तपत्रांनी खिळ्यांची छपाई सोडली, तेव्हा शिसे, अँटिमनी व कथील यांचा मिश्रधातूही भंगारात आला.

प्रत्येक भंगाराची पारख निराळी असते. छपराचे किंवा नळीचे शिसे मऊ असून त्यावर नखाचा ओरखडा उठतो. चाकाचे वजन अँटिमनीमुळे कठीण असते. चाकाच्या वजनांना जोडलेले पोलादी चिमटे वितळलेल्या शिशावर तरंगतात, कारण पोलाद शिशाहून हलके आहे. ते चिमटे व वर जमलेली मळी काढून टाकावी लागते. जस्ताची वजने त्यात मिसळल्यास ओतकाम बिघडते. साच्यात पाण्याचा थेंब राहिल्यास त्याची क्षणात वाफ होऊन तप्त धातू अंगावर उसळतो. बॅटरीतील शिशाबरोबर आम्ल व इतर विषारी द्रव्ये येत असल्याने ते घरी वितळविणे विशेष घातक ठरते. मळीची बारीक पूड हातांवरून व कपड्यांवरून घरात पोहोचते आणि तिचा सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो.

ओहोटीच्या वेळी खडकांत अडकलेली वजने वेचून ती पुन्हा वितळविण्याचीही प्रथा आहे. परंतु खडकाळ तळावर मासे धरणारे लोक वजन मुद्दाम कच्च्या दोऱ्याने बांधतात. वजन अडकले की तो दोरा तुटतो. वजन जाते, मासा व गळ हाती राहतात. फुकट मिळालेल्या शिशामुळे शिसे गमावणेही परवडू लागले. काटकसर व नासाडी या दोन्ही गोष्टी येथे एकाच व्यवहारात एकत्र आल्या.

हंसांचा मृत्यू आणि कायदा

या नासाडीची किंमत प्रथम नद्यांवरील हंसांना मोजावी लागली. अन्न दळण्यासाठी मूक हंस बारीक खडे गिळतो. त्या खड्यांबरोबर तळाशी पडलेले छर्रे पोटात जात, पेषणीत घासले जात आणि शिसे रक्तात भिनत असे. स्नायू लुळे पडून मान वाकडी होई आणि अन्न पुढे न सरकल्याने पक्षी उपाशी मरे. टेम्स नदीवर दरवर्षी जुलैमध्ये होणाऱ्या हंसगणनेत १९८० च्या दशकाच्या मध्यास संख्या फारच घटलेली आढळली. निसर्गसंवर्धन परिषदेने १९८१ मध्ये आपल्या अहवालात या मृत्यूंचा संबंध मासेमारांच्या शिशाशी जोडला. १९८३ मध्ये पर्यावरणीय प्रदूषणविषयक शाही आयोगानेही शिशाच्या प्रश्नावर अहवाल दिला. शिशाचा वापर स्वेच्छेने थांबविण्याचे आवाहन पुरेसे ठरले नाही. अखेर १९८६ च्या नियमांनुसार ०.०६ ते २८.३५ ग्रॅम, म्हणजे एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांचा पुरवठा व त्यासाठीची आयात १ जानेवारी १९८७ पासून बंद झाली. त्यानंतर हंसांची संख्या पुन्हा वाढू लागली.

या नियमाचे स्वरूप लक्षणीय आहे. बंदी धातूवर नव्हती, आकारावर होती. हंसाच्या घशातून जाणारे वजन निषिद्ध ठरले. समुद्रकिनाऱ्यावरील जड वजन व ते ओतणारी घरगुती कढई कायद्याबाहेर राहिली. पुढे भंगाराचे मार्गच अरुंद होत गेले. युरोपीय संघाच्या निर्देशामुळे २००५ पासून मोटारींच्या चाकांवरील शिशाची वजने बंद झाली. चर्चच्या छपरांवरील शिशाच्या चोऱ्या वाढल्याने इंग्लंड व वेल्समध्ये भंगार धातूची रोखीने खरेदी थांबविण्यात आली आणि भंगार व्यापाऱ्यांविषयी २०१३ चा कायदा आला.

समारोप

शिसे वितळवून पुन्हा वापरणे ही पर्यावरणास हितकारक काटकसर आहे, असा समज सहज होऊ शकतो. नळी व छप्पर यांच्याबाबतीत तो बऱ्याच अंशी खरा आहे, कारण तेथील धातू पुन्हा हाती येतो. गळाचे वजन मात्र गमावण्याची शक्यता गृहीत धरूनच पाण्यात टाकले जाते. ज्या न झिजण्यामुळे रीव्होच्या लगडी चार शतकांनंतर कामी आल्या, त्याच न झिजण्यामुळे नदीतळाचा छर्रा वर्षानुवर्षे विषारी राहिला. म्हणून पुनर्वापराचे मूल्यमापन करताना वस्तू कशापासून बनली याबरोबरच ती शेवटी कोठे जाणार, हा प्रश्नही विचारावा लागतो. ब्रिटनमधील गळाच्या वजनांच्या इतिहासाचे महत्त्व याच प्रश्नात आहे.