शनिवार तेल्यांचे नवे घर

माणसे एक देश सोडून दुसऱ्या देशात गेली की इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते. अमुक साली इतके लोक अमुक ठिकाणी गेले, संपलं. तिथे त्यांना पाव कसला मिळाला, आजी नातवंडांशी कोणत्या भाषेत बोलली, मुलीचं लग्न लावायला भटजी तयार झाला की नाही, हे त्या ओळीत मावत नाही. वस्ती होते ती मात्र ह्याच गोष्टींनी. आपल्याच कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल समाजाची हकीगत ह्या बाजूने पाहण्यासारखी आहे.

अलिबागेकडे आपण गेला असाल तर किहीम, नवगाव, पेण ही गावे आपल्याला ठाऊक असतील. किहीमकर, नवगावकर, पेणकर, दिवेकर ही आडनावेही ओळखीचीच. पण ही यहुद्यांचीही आडनावे आहेत. आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी ह्या समाजाची परंपरागत कथा आहे. गलबत कोणत्या शतकात फुटले ह्यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आपण त्यात न पडलेलं बरं. इतकं निश्चित की ही माणसे कोकणात तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, आणि म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. देवळात ती जात नसत, मुलांची सुंता करीत, आणि खवले व पर असलेलेच मासे खात. डेव्हिड राहबी नावाच्या एका विद्वान यहुद्याने त्यांना ओळखले ते ह्या माशांवरून, असे सांगतात. त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी बिनखवल्याचे बाजूला काढले. कूळ पारखण्याची ही रीत मला तरी मोठी शहाणपणाची वाटते. पुढे एका सरकारी फॉर्मने तेच काम करायचे ठरवले, तेव्हा काय झालं ते येईलच.

भाषा मराठी, नेसणे लुगडे, हातात हिरवा चुडा. आव महिन्याच्या नवमीचा उपास वालाच्या बिरड्याने सोडायचा, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. मुंबईत ही मंडळी पलटणीत शिरली, मग रेल्वेत, पोस्टात, कचेऱ्यांत. १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर मुंबईत बांधले. पुण्यात १८७४ साली वल्हांडणाच्या सणाची पोथी हिब्रू-मराठीत छापून निघाली. तिच्या चित्रांतल्या बायका चक्क लुगड्यात आहेत.

१४ मे १९४८ रोजी इस्रायलचे राज्य झाले आणि बेने इस्राएल निघू लागले. त्यांना इथून कोणी हाकलले नव्हते, हे ध्यानात ठेवा. पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत ज्या गावाचे नाव घेतले त्या गावी जायचे, ही एक ओढ. इंग्रज गेल्यावर कचेरीतल्या नोकरीचे पुढे काय, ही दुसरी, जरा कमी बोलून दाखवलेली. आणि तिकिटाची सोय करून देणारी ज्यू एजन्सी होतीच.

पण गेले ते कुठे? नव्या राज्याची लोकसंख्या पहिल्या साडेतीन वर्षांत जवळजवळ दुप्पट झाली. इराक, येमेन, रुमानिया, पोलंड, चहूकडून माणसे येत होती. १९४९ पासून रेशनिंग. नवागतांना तंबूंच्या आणि पत्र्याच्या छावण्या. बेने इस्राएलांपैकी पुष्कळांना दक्षिणेकडे, नेगेव्हच्या वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या बीरशेबाकडे पाठवले. पावसाळ्यात चार महिने भिजणारा कोकणी माणूस, आणि समोर हे उघडे माळरान! मुंबईत पांढऱ्या कॉलरची नोकरी केलेल्याच्या हाती कुदळ आली: रस्ते, बांधकाम, झाडे लावणे. त्याला इंग्रजी येत होते, पण इंग्रजीला तिथे फारसे गिऱ्हाईक नव्हते. हिब्रू येत होते ते प्रार्थनेपुरते. देवाशी बोलता येई. वाण्याकडे अर्धा किलो कांदे मागता येत नसत.

अशात पावाची गोष्ट घडली. रेशनच्या दिवसांत काळा आणि पांढरा असे दोन पाव होते. आम्ही काळे म्हणून आम्हांला काळा पाव देतात, अशी बीरशेबातल्या बेने इस्राएलांची तक्रार होती. नोकरी, घर ह्यांच्याही तक्रारी होत्या, पण पाव जिव्हारी लागला. माणूस तंबूत राहील, कुदळ मारील. रोज सकाळी दुकानाच्या रांगेत अपमान घेऊन घरी यायला मात्र तो तयार नसतो. १९५१ च्या अखेरीस शंभरावर माणसे तेल अवीवला ज्यू एजन्सीच्या दारात बसली. मागणी एकच: आम्हांला परत भारतात पाठवा. सत्याग्रहाची ही रीत ती कुठून शिकली होती ते सांगायला नको. १९५२ साली त्यांना खरोखरच विमानाने मुंबईस परत आणले.

आणि थोड्याच काळात ह्यांतली बरीचशी पुन्हा इस्रायलला जाण्यासाठी अर्ज करू लागली! ह्याला धरसोड म्हणून हसणारे हसले असतील. मला हे हसण्यावारी नेण्यासारखे वाटत नाही. मुंबईतली खोली गेलेली, नोकरी गेलेली, नातेवाईक अर्धे इकडे अर्धे तिकडे. सोडलेल्या घरी परत गेले तरी ते घर तिथे नसते. पुढे पुष्कळजण पुन्हा गेले, ते गेलेच.

भाषेचे काम मुलांनी उरकले. मोठ्यांसाठी ‘उल्पान’ नावाचे हिब्रूचे वर्ग होते. मुलांना शाळा आणि गल्ली पुरली. घरात आई मराठीत विचारी, मुलगा हिब्रूत उत्तर देई, आणि दोघांचेही अडत नसे.

ह्याहून अवघड प्रश्न लग्नाचा निघाला. इस्रायलमध्ये यहुद्याचे लग्न धर्मपीठाकडूनच लागते. नोंदणी लग्नाची सोय नाही. काही रब्बींना शंका आली की इतकी शतके दूर राहिलेल्या ह्या लोकांनी घटस्फोट शास्त्राप्रमाणे केले असतील काय, बाहेरचे रक्त मिसळले असेल काय. १९६१ साली धर्मपीठाने त्यांच्याशी लग्नाला मनाई नाही असे सांगितले खरे, पण १९६२ मध्ये असा हुकूम काढला की वधू किंवा वर बेने इस्राएल असेल, तर त्याची आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागची चौकशी करावी. आता सांगा, रोह्याच्या पणजीचा दाखला बीरशेबात कोण आणून देणार? पाव निदान खाऊन विसरता येतो. इथे ठरलेले लग्न अडत होते, आणि ज्यांनी शनिवारचा घाणा कधी फिरू दिला नाही त्यांनाच तुम्ही यहुदी कशावरून, असे विचारले जात होते.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल कुटुंबे जेरुसलेमला येऊन धरणे धरून बसली. प्रकरण वाढले. पंतप्रधान लेव्ही एश्कोल ह्यांना लक्ष घालावे लागले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने, म्हणजे तिथल्या लोकसभेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला, आणि महिनाअखेरीस धर्मपीठाने हुकूमातून त्यांचे नाव काढून टाकले. चौकशीचे कलम मात्र शंका येईल त्या कोणाहीसाठी म्हणून राहिले. माझ्या मते ह्या समाजाचे इस्रायलमध्ये येणे पुरे झाले ते त्या ऑगस्टात. बोटीतून किंवा विमानातून उतरणे ही नुसती सुरुवात होती.

त्यानंतरची हकीगत शांत आहे, म्हणून थोडक्यात. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला ह्या गावांत त्यांच्या वस्त्या जमल्या. दिमोनात मसाल्याची, मिठाईची दुकाने निघाली. तिथे क्रिकेट टिकले ते बरेचसे ह्यांच्यामुळे. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. शनिवार सगळ्यांचाच, त्यामुळे शनिवार तेली ही खूण तिथे उरली नाही. शेजारी त्यांना ‘होदी’ म्हणजे हिंदी म्हणू लागले.

स्वयंपाकघरात मात्र फारशी उलथापालथ झाली नाही. मांस आणि दूध एकत्र चालत नाही म्हणून सांबाऱ्यात नारळाचे दूध घालायचे, हे कोकणात जमून गेले होते. इस्रायलात नारळ पिकत नाही, तरी रीत सुटली नाही. तसाच मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खवलेले खोबरे, वेलदोडा, भोवती पाच फळे, आणि एलियाहू हन्नाबीची प्रार्थना. नवस फेडताना, नव्या घरात शिरताना, लग्नाआधी तो करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, आणि मंडळी तिथे नवस बोलत. इस्रायलात तो खडक कुठून आणणार? पण हैफाला कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाहूची म्हणून एक गुहा आहे. बेने इस्राएल बायका आता मलिद्याचे ताट घेऊन तिथे जातात.