मेणबत्तीतून चेहऱ्यावर

चरबीची मेणबत्ती पेटली की उजेडाबरोबर उग्र वासही घरभर व्हायचा. ती काजळी धरायची, उन्हाळ्यात मऊ पडायची. मधमाश्यांच्या मेणाची स्वच्छ मेणबत्ती युरोपात चर्चला आणि धनिकांनाच परवडे.

१८११ साली पॅरिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी पोटॅशच्या साबणाचा एक नमुना तपासायला घेतला आणि पुढची बारा वर्षे ते चरबीतच गुंतून राहिले. चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि स्निग्धाम्ले यांचा संयोग, हे त्यांनी सिद्ध केले. त्यांतलेच एक पांढरे, टणक स्टिअरिक आम्ल. शुद्ध असेल तर ते सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते. १८२५ मध्ये गे-ल्युसॅक यांच्यासह त्यांनी या आम्लाच्या मेणबत्त्यांचे पेटंट घेतले, पण धंदा जमला नाही.

तो जमवला आदोल्फ द मिल्ली यांनी, १८३१ च्या सुमारास. महागड्या अल्कलीऐवजी त्यांनी साधा चुना वापरला. चुन्याबरोबर चरबी उकळायची, तयार झालेला साबण गंधकाम्लाने फोडायचा, वर आलेली आम्ले थिजवून त्यांच्या वड्या दाबयंत्राखाली ठेवायच्या. पातळ ओलेइक आम्ल निथळून जाई, पांढरे स्टिअरिक आम्ल मागे उरे. जितक्या वेळा दाब, तितका माल शुभ्र. 'ट्रिपल प्रेस्ड' ही प्रत व्यापारी आजही मागतात ती यामुळेच.

पुढे रॉकेल, गॅस आणि वीज आली. मेणबत्तीचे राज्य गेले, स्टिअरिक आम्ल मात्र प्रसाधनांत शिरले. गरम पाण्यात वितळलेल्या आम्लात थोडे पोटॅश घातले, की काही आम्लाचा तिथेच साबण होतो आणि तोच उरलेले आम्ल व पाणी एकजीव धरून ठेवतो. मिश्रण निवताना दाट होते, त्यावर मोत्यासारखी झाक येते. बोटाने गालावर चोळले की पाणी उडून जाते, तेलकटपणा न ठेवता पातळ थर उरतो. हेच व्हॅनिशिंग क्रीम, आपल्याकडचे 'स्नो'. मुंबईत ई. एस. पाटनवाला यांनी १९१९ मध्ये 'अफगाण स्नो' बाजारात आणले आणि ती निळी बाटली देशभर पोचली.

त्याच सुमारास मुंबईतच गोदरेजने प्राण्यांच्या चरबीशिवाय, वनस्पती तेलाचा साबण काढला. स्वदेशीच्या त्या काळात साबणात काय पडते हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा होता, आणि तो रास्तच होता. स्टिअरिक आम्लही आता मोठ्या प्रमाणावर पामतेलापासून निघते. क्रीमखेरीज ते रबराच्या कारखान्यातही लागते: झिंक ऑक्साइडच्या जोडीने ते रबर आणि गंधक यांच्यातली प्रक्रिया वेगाने घडवते, आणि टायरला हवा तो चिवटपणा येतो.